मीठ थिजू देणार नाही

तारनाका, हैदराबाद
११ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. आशीर्वाद या पत्रात मागत नाही, कारण तो तुम्ही दत्तोबा मुनिमांच्या हाती पाठवणार नाही हे मला माहीत आहे. फोन तुम्ही दसऱ्यापासून उचललेला नाही. म्हणून कागद घेतला. तुम्ही कागद फेकत नाही. दुकानातल्या जुन्या पावत्यासुद्धा तुमच्याकडे तारेत ओवलेल्या असतात.

काल दत्तोबा चर्लापल्लीच्या माझ्या शेडवर आले. दारातच उभे राहिले, आत पाऊल टाकायला तयार होईनात. म्हणाले, "बाई, अण्णांनी सांगितलंय, भट्टी बंद कर. रितेश आता येणार नाही. मीटर अण्णांच्या नावावर आहे. कार्तिकी पुनव झाली की वीज तोडायची. हौ, अर्ज देऊन झालाय."

मी विचारले, "आणखी काय म्हणाले?"

"आणखी पुष्कळ म्हणाले. ते मी रस्त्यात सांडत आलो."

त्यांच्यावर आवाज चढवला, ही माझी चूक. तेव्हा ते म्हणाले, "आमच्यावर कायकू गरम होता, बाई? दुकानात अण्णा गरम, इथे तुम्ही गरम. मुनीम माणसाने थंड व्हायला जायचं कुठं?"

तुमच्या निरोपाचे उत्तर असे: बंद करणार नाही. आता कारणे देते, आणि ती क्रमाने देते, कारण तुम्हीच मला लहानपणी सांगत होता की भाव सांगण्याआधी माल दाखवावा.

प्रथम शब्द नीट करू. ती भट्टी नाही. भट्टीत काहीतरी जळते. इथे काहीच जळत नाही. आम्ही तिला सेल म्हणतो. विटांच्या अस्तराची एक खोल पेटी, तिच्यात वितळलेले मीठ, आणि त्या मिठातून जाणारी वीज. एवढेच तिचे स्वरूप आहे.

मीठ कोणतेही असो, त्यात एक धातू क्लोरिनला घट्ट धरून बसलेला असतो. जेवणातल्या मिठात तो सोडियम, माझ्या मिठात मॅग्नेशियम. लोखंडाला त्याच्या दगडातून सोडवायला कोळसा पुरतो. ही पकड कोळशाने सुटत नाही. ती विजेने सोडवावी लागते. तुम्ही विचाराल, मग मीठ पाण्यात विरघळवून त्यात वीज का सोडू नये? मीही शाळेत असताना हेच विचारले होते. कारण असे, की पाणी मोडणे विजेला सोपे जाते. ती आधी पाणीच मोडत बसते, हायड्रोजनचे बुडबुडे निघत राहतात, आणि मॅग्नेशियम जागचे हलत नाही. म्हणून पाण्याला पूर्ण फाटा देऊन मीठच वितळवायचे. मॅग्नेशियमच्या मिठात साधे मीठ आणि पोटॅशचे मीठ मिसळले की ते लवकर वितळते. सातशे अंशांच्या आसपास काम चालते.

अण्णा, तुमचे आयुष्य बेगम बाजारात मिठाच्या, मिरचीच्या आणि मसाल्याच्या ठोक व्यापारात गेले. पण वितळलेले मीठ तुम्ही पाहिलेले नाही. ते पाण्यासारखे दिसते. नितळ, आत पाहता येईल असे, फक्त आतून लालसर उजळलेले. त्यात ग्राफाइटच्या जाड कांड्या आणि लोखंडी पत्रे सोडतात. कांड्यांपाशी क्लोरिन सुटतो, पत्र्यांवर मॅग्नेशियमचे थेंब धरतात. थेंब मिठाहून हलके, म्हणून वर येतात, एकमेकांत मिसळतात, आणि पृष्ठभागावर चांदीच्या रंगाची साय धरते. ती पळ्याने काढायची आणि वर गंधकाची भुकटी शिंपडायची, नाहीतर हवा लागताच धातू पेट घेतो. इतक्या हट्टी धातूला आम्ही मिठात बुडवून शांत ठेवतो. दरवेळी ती साय धरताना पाहिली की मला नव्याने नवल वाटते. संशोधन संस्थेतली पगाराची नोकरी मी सोडली ती याच्यासाठी. तिथे आम्ही हे कपभर करत होतो.

क्लोरिनबद्दल इंदुआत्याने फोनवर विचारले, "तो विषारी धूर कुठे सोडतेस गं? चूल पेटवायचा कंटाळा, आणि हे मात्र पेटवता येतं!" तिला सांगा, धूर कुठेच सोडत नाही. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून जातो आणि तिथेच अडकतो.

आता वीज तोडण्याविषयी. सेलमध्ये वीजच धातू सुटा करते आणि वीजच मीठ तापते ठेवते. ती गेली की मीठ थिजते. थिजताना आकसते, अस्तराला धरून ओढते, अस्तराला तडे जातात, कांड्या मोडतात. मग ते थिजलेले मीठ हवेतली ओल पीत बसते. पुढे तो दगड पहारीने फोडून फेकावा लागतो. तुम्ही 'काही दिवस बंद ठेव' असे म्हणत असाल, तर काही दिवस बंद ठेवणे अशी गोष्टच या कामात नाही. तुमची सही म्हणजे सेलचा शेवट. तुम्हाला हे माहीत नव्हते असे मी आजपर्यंत धरून चालले होते. आता माहीत झाले आहे.

दसऱ्याच्या दिवशी जे झाले ते ओलीमुळे झाले. मिठात पाणी गेले, त्याची वाफ झाली, मीठ उडाले. रितेशचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तोंडावर काच होती म्हणून डोळे वाचले. कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले आहे की बोटे पूर्वीसारखी चालतील. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

आणि रितेशला मी दुकानातून पळवून नेलेले नाही. तो तुमचा मुलगा आहे तितकाच माझा धाकटा भाऊ आहे. स्वतःच्या पायांनी आला. त्याच पायांनी परत इकडे येईल.

प्रियदर्शिनी


तारनाका
१७ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

पत्र वाचलेत हे दत्तोबांनी सांगितले. "दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, मग गल्ल्यात ठेवलं," असे त्यांचे शब्द. आणि तुमचा प्रश्न त्यांनी पाठ करून आणला: "सगळं सांगितलं, पण पाणी आलं कुठून ते सांगितलं नाही. विचार तिला."

ओलीच्या वाटा या कामात पुष्कळ आहेत. एक हवा. दुसरी वाट खुद्द मीठ. मॅग्नेशियमचे मीठ इतके पाणी पिते की पावसाळ्यात उघडे ठेवले तर स्वतःच्याच पाण्यात विरघळते. तुमच्या गोदामातले मीठ आषाढात पोत्याच्या तळाशी पाझरते ना, त्याचा हा थोरला भाऊ समजा. बरे, नुसते तापवून ते पाणी जात नाही. जाता जाता मिठालाच मोडते. क्लोरिनचा आम्ल वायू होऊन निघून जातो आणि मागे निरुपयोगी पांढरी राख उरते. ती सेलच्या तळाशी गाळ होऊन बसते. म्हणून हे मीठ टप्प्याटप्प्याने वाळवावे लागते, आणि शेवटचा टप्पा त्याच आम्ल वायूच्या वातावरणात करावा लागतो, म्हणजे मीठ मोडायला धजत नाही. माझ्या कामाचा खरा अवघड भाग वीज नाही, वाळवण आहे. हे आमच्या प्रबंधात कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही, कारण वाळवणात कोणाला मोठेपणा दिसत नाही.

तिसरी वाट अवजारांची. पळा असो की गाळ काढायची दांडी, मिठात जाण्याआधी ती सेलच्या काठावर ठेवून चांगली तापवायची, आणि मगच आत घालायची. दसऱ्याला दांडी पुरेशी तापलेली नव्हती.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. याच्या पुढे विचारू नका. मी कधी कोणाचा प्रश्न परत पाठवलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हा पाठवते आहे.

तुम्ही दत्तोबांकडून आणखी एक कळवलेत, की मी माफीचे चार शब्द लिहिले तर पुनवेच्या पुढे काही दिवस थांबाल. अण्णा, मी माफी मागणार नाही. मागितली तर तिचा अर्थ असा होईल की हे कामच चुकीचे आहे, आणि मला ते तसे वाटत नाही. रितेशचा हात भाजला याचे दुःख मला तुमच्याइतकेच आहे. ड्रेसिंगच्या वेळी त्याचा दुसरा हात मी धरून बसले होते. अजून माझ्या मनगटावर त्याच्या नखांची खूण आहे. पण दुःख आणि माफी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकातले दुसऱ्यात टाकायला तुम्हीच कधी कोणाला दिले नाही.

सेल चालू आहे. रितेशच्या जागी सध्या पद्मावती दोन माणसांचे काम करते. ती वरंगळची, माझ्याच विद्यापीठातली, मोजून मापून बोलणारी मुलगी. काल साय काढताना मला म्हणाली, "मॅडम, वीज गेली तर आपण काय करणार?" मी म्हणाले, जनरेटर भाड्याने आणून मीठ नुसते गरम ठेवू. धातू निघाला नाही तरी चालेल. ती म्हणाली, "डिझेलवर मीठ गरम ठेवणे बरे नाही हो, मॅडम, महाग पडेल." तिचे म्हणणे बरोबर आहे. तरी आणणार.

प्रियदर्शिनी


तारनाका
२४ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

काल भाऊबीजेला घरी आले होते. तुम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहिलात आणि पाट मांडल्यावरही वर आला नाहीत. रितेशने ओवाळून घेताना डावा हात पुढे केला, आणि म्हणाला, "ताई, उजवा अजून सुट्टीवर आहे."

मी त्याला विचारले, "येतोस का परत?"

"अण्णा सोडतील तर ना. रात्री उठून माझ्या खोलीचं दार उघडून बघतात. मी कुठे पळून जाणार, पट्टी बांधून?" मग हळूच म्हणाला, "तू सांगितलं नाहीस ना त्यांना?"

मी नाही म्हणाले. तुम्हाला ही ओळ वाचताना राग येईल, पण आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही. जिना उतरताना दत्तोबांनी तुमची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. तुमच्या अक्षरातली इतक्या वर्षांतली पहिली:

"लक्ष्मीपूजनाला वजनकाटा धुतला. पुसला, कोरडा केला. सकाळी पाहतो तर काट्याच्या खांबातून गादीवर पाणी ओघळलेले. खांब पोकळ आहे हे विसरलो होतो. तुझी ती दांडी नळीची होती का?"

होय, अण्णा. नळीची होती.

आता सगळे सांगते, कारण अर्धे कळलेले तुम्ही स्वतःच्या मनाने पुरे कराल, आणि ते खऱ्याहून वाईट होईल.

खंडेनवमीला तुम्ही शेडवर आलात, याचा मला किती आनंद झाला होता ते मी तेव्हा बोलले नाही. जिथे तुमची मिरचीची गिरणी होती तिथे मी सेल उभा केला, पण तुम्ही त्यानंतर दारातून आत आला नव्हता. त्या दिवशी आलात. दुकानात तराजू, मापे, वजने धुऊन पूजेला मांडता तशी माझी अवजारे मांडलीत. पळा, चिमटे, गाळ काढायची दांडी, सगळी स्वतःच्या हाताने धुतलीत. पंच्याने पुसलीत. प्रत्येकावर हळद-कुंकू लावलेत. अवजारे रात्रभर पूजेत राहिली, कारण दसऱ्याच्या मुहूर्ताआधी ती उचलायची नाहीत हा आपला रिवाज. तुम्ही ती भिंतीला उभी टेकवून ठेवली होतीत. नळीत शिरलेले पाणी खाली, बंद टोकाशी जमले. भरीव दांडी फार जड होते म्हणून ती नळीची केली होती. वरचे तोंड उघडे होते. बाहेरून ती अगदी कोरडी होती.

दसऱ्याच्या सकाळी मी वीजमापकाकडे तोंड करून आकडे पाहत होते. रितेशने दांडी उचलली, आणि काठावर तापायला ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अरे, मुहूर्त चाललाय, घाल लवकर." त्याने घातली. पाण्याची वाफ झाली की ते हजार पटींहून अधिक फुगते. वाफेने नळीचे टोक फोडले आणि मीठ पिचकारीसारखे उडवले. आरतीसाठी त्याने बाह्या वर सारल्या होत्या, त्या खाली घ्यायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ती नळी उभी चिरली. आत वाळलेल्या कुंकवाचा ओघळ होता. मी आणि रितेशने कोठीच्या दवाखान्यात बसून ठरवले की हे तुम्हाला कधी सांगायचे नाही. तुमचा राग आम्हाला सोसवत होता. दुसरे जे झाले असते, ते नव्हते सोसवणार.

आणि झाले तेच. चिठ्ठीच्या खाली तुम्ही लिहिले आहे: "तसे असेल तर बंदच कर. माझ्या हाताने झालेले रोज डोळ्यांसमोर नको."

याचे उत्तर आधीच्या उत्तराहून वेगळे नाही. बंद करणार नाही. पहिल्यांदा तुम्ही माझी चूक समजून सेल विझवायला निघालात, आता स्वतःची समजून निघालात. चूक कोणाचीही असो, शिक्षा मात्र सेललाच! हा कुठला न्याय? तुमच्या गोदामात एकदा वेलदोड्याच्या पोत्यांना आग लागली होती, ती देवापुढच्या उदबत्तीने. तुम्ही वेलदोड्याचा व्यापार सोडला नाहीत. देवही सोडला नाहीत. उदबत्तीची जागा बदललीत.

मीही तेच केले आहे. नळीची अवजारे मोडीत काढली, सगळी भरीव करून घेतली. जड आहेत, कप्पी लावली. आणि पूजा बंद करणार नाही. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही या, मांडा, हळद-कुंकू कोरडे लावा, पाणी सेलच्या खोलीबाहेर ठेवा. हा नियम मी भिंतीवर मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत लिहिला आहे. मी दुसऱ्या कोणाच्या देवाला माझ्या शेडमधून हाकलत नाही, मग तुमच्या देवाला का हाकलीन?

तुम्हाला पश्चात्ताप होत असेल तर तो दुकानात बसून करा. माझ्या मीटरवर करू नका.

प्रियदर्शिनी


तारनाका
८ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

काल जे झाले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत, तरी लिहिते आहे. कारण दत्तोबा बेगम बाजारभर सांगत सुटले आहेत की मी वीज कंपनीच्या माणसावर पळा उगारला. हे साफ खोटे आहे. पळा माझ्या हातात होता. उगारलेला नव्हता.

क्रम असा. सकाळी पद्मावती धावत आली, "मॅडम, बाहेर जीप आली, शिडी पण आहे." पुनव होऊन गेली होती. भाड्याचा जनरेटर दारात उभा होता, पण त्याचा माणूस चहा प्यायला गेलेला. मी साय काढत होते, तशीच उठले आणि मुख्य स्विचच्या पेटीपुढे जाऊन उभी राहिले. तो माणूस आत आला. हातात कागद, पक्कड. मी त्याला सांगितले की वीज तोडायची असेल तर आधी माझे ऐकून घ्यावे लागेल, आणि वितळलेल्या मिठाविषयी सांगायला सुरुवात केली. त्याचे तोंड उघडेच राहिले. दोनदा "अम्मा, अम्मा" म्हणाला. मी थांबले नाही. थिजण्यापर्यंत आले होते, अस्तराला तडे कसे जातात ते सांगत होते, तेवढ्यात पद्मावतीने माझा दंड धरला.

"आगंडी मॅडम, आगंडी! थांबा ना जरा. तोडायला नाही आले ते. नाव बदलायला आलेत."

तेव्हा त्याच्या मागे, दाराच्या चौकटीत, तुम्ही दिसलात. आणि तुमच्या मागे रितेश.

तुम्ही एवढेच म्हणालात, "किती बोलतेस गं!"

कागदावर मीटरसाठी रितेशचे नाव होते. तोडायचा अर्ज तुम्ही मागे घेतला होतात, आणि मला कळवले नव्हते. पुनव उलटून जाईपर्यंत मला जनरेटरच्या दारी बसवलेत. त्याबद्दल मला तुमचा राग आला आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

मी विचारले, "रितेशच्या नावावर का?"

तुम्ही म्हणालात, "त्याला इथंच काम करायचंय. माझ्या नावावर राहिलं तर मला रोज तोडावंसं वाटेल."

"मग माझ्या नावावर का नाही?"

"तुझ्या नावावर केलं तर तू मला विचारायचंच बंद करशील."

वीज कंपनीचा माणूस हसला. मला हसू आले नाही. मी आजपर्यंत तुम्हाला काही विचारून केले आहे, असे तुम्हाला का वाटते, याचा मी काल रात्रभर विचार केला.

मग रितेशने डाव्या हाताने चेहऱ्याची काच खाली ओढली, नवी भरीव दांडी काठावर ठेवली, आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला. तुम्ही पद्मावतीला विचारलेत, "हा कशासाठी थांबलाय?" ती म्हणाली, "कोरडी होण्यासाठी, सर." तुम्ही खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलेत. मी तुम्हाला काच दिली. तुम्ही ती घालून सेलच्या झाकणाच्या फटीतून आत पाहिलेत. बराच वेळ पाहत होता. मी बोलायला तोंड उघडले होते, पण रितेशने मला खुणेने गप्प केले.

"हे मीठ?" तुम्ही विचारलेत.

"हो. त्यात आपलं साधं मीठही आहे."

"कुठून आणतेस?"

इथे मी खोटे बोलू शकले असते. बोलले नाही. "तुमच्या दुकानासमोरच्या भंवरलालकडून."

अण्णा, अपघाताच्या दिवशीही तुमचा चेहरा इतका लाल झाला नव्हता. "भंवरलाल? त्याच्या मिठात वाळू असते! तीस वर्षं समोर बसून तो काय विकतो ते मी बघतोय. माझी मुलगी त्याच्याकडून मीठ घेते? बाजारात ठाऊक आहे सगळ्यांना?"

"तुम्ही मला विकलं असतंत का?"

तुम्ही दाराबाहेर थांबलेल्या दत्तोबांना म्हणालात, "उद्या दहा गोण्या पाठव हिला. वरच्या प्रतीचं." आणि निघालात. जाताना रितेशच्या पाठीवर हात ठेवलात. माझ्याकडे पाहिले नाहीत. तो तुमच्याबरोबर घरी आला नाही, हे तुम्ही पाहिलेत, आणि हाक मारली नाहीत.

मी आभार मानत नाही. विजेचे पैसे मी देते, मीटरचे नाव ज्याचे त्याला लखलाभ. दुकान पुढे कोणी चालवायचे हा प्रश्न आता तुमच्यापुढे उभा आहे, हे मला समजते. तो तुम्ही आणि रितेशने परस्पर ठरवू नये. त्यात माझेही मत घ्यावे लागेल. मला दुकानाचा वाटा नको आहे, मत हवे आहे.

प्रियदर्शिनी


तारनाका
१३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

गोण्या मिळाल्या. दत्तोबांनी स्वतः उतरवून घेतल्या आणि या वेळी आत आले. पद्मावतीने दिलेला चहा त्यांनी सेलपासून शक्य तितक्या दूर बसून प्यायला.

प्रत्येक गोणीतून नमुना काढून तपासला. वाळू नाही. दिसायला पांढरेशुभ्र, दाणा एकसारखा. ओल थोडी आहे. ती मी वाळवून काढू शकते. पण या मिठात सल्फेट जास्त आहे, आणि ते वाळवून जात नाही. सल्फेट असले की मॅग्नेशियमच्या थेंबांवर एक पातळ बुरशीसारखा थर धरतो, आणि थेंब वर येऊनही एकमेकांना मिळत नाहीत. सुटे सुटे तरंगत राहतात, साय धरतच नाही. भंवरलालच्या मिठात वाळू होती हे खरे, पण वाळू तळाला बसते, तिचा मला त्रास नव्हता.

जेवणाला हे मीठ उत्तम आहे. सेलला चालणार नाही.

म्हणून दहाच्या दहा गोण्या रितेशबरोबर परत पाठवत आहे. सोबतच्या चिटोऱ्यावर सल्फेट किती चालेल तो आकडा लिहिला आहे. गुजरातेतल्या तुमच्या खाराघोड्याच्या व्यापाऱ्याला तो दाखवा आणि धुतलेले मीठ मागवा. वेळ लागला तर लागू दे. तोवर जुन्या साठ्यावर भागवते. भंवरलालकडे जाणार नाही, एवढे आश्वासन देते, पण फक्त या महिन्यापुरते.

पुढची खेप येईल तेव्हा तुम्ही स्वतः या. नमुना तुमच्यासमोर काढीन, तपास तुमच्यासमोर करीन, आणि नापास झाला तर गोण्या तुमच्याच गाडीत भरून देईन.

तुमची,
प्रियदर्शिनी